गोळी असताना सलाईन कशाला?

आमच्या गोराईतल्या सोसायटीत एक काकू आहेत. आयुष्यात कधी सिगारेटला हात लावला नाही, तरी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी रोज एक गोळी आणि शिवाय दर तीन आठवड्यांनी केमोचं सलाईन सांगितलंय. मी पीएचडी करतो एवढंच त्यांना माहीत (विषय वैद्यकशास्त्राचा इतिहास, पण ते बिल्डिंगमध्ये कोण विचारतंय!). परवा जिन्यातच गाठलं. "अरे, गोळी एवढी चांगली आहे म्हणतात, मग सलाईन कशाला टोचून घेऊ?"

प्रश्न अगदी नेमका आहे, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी त्याचा इतिहास वाचायलाच हवा. कारण यावर आधी एकदा 'उपयोग नाही' असं उत्तर आलं होतं.

गेफिटिनिब ही त्यातली सुरुवातीची गोळी. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचं प्रथिन असतं, पेशीला 'वाढ' असं सांगणारं बटणच म्हणा. गोळी ते बटण बंद करते. जपानमध्ये ती २००२ साली मंजूर झाली. गोळी आणि केमो एकत्र दिली तर दुप्पट फायदा होईल, असं साहजिकच वाटलं. म्हणून इन्टॅक्ट-१ आणि इन्टॅक्ट-२ या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. प्रत्येकीत हजाराहून जास्त पेशंट होते. सगळ्यांना केमो, सोबत कुणाला गेफिटिनिब तर कुणाला खोटी गोळी. गोळी जोडल्याने आयुष्य काही वाढलं नाही. हे निष्कर्ष मार्च २००४ मध्ये छापून आले.

आता तारीख बघा. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस बोस्टनमधल्या दोन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं, की गोळी ज्यांना चमत्कारासारखी लागू पडते त्यांच्या गाठीत ईजीएफआरच्या जनुकात म्युटेशन असतं. बटण 'चालू' स्थितीतच अडकलेलं असतं. बाकीच्यांना गोळीचा फारसा उपयोग नाही. इन्टॅक्टमध्ये मात्र म्युटेशन न बघता सगळ्यांना घेतलं होतं. दोष कुणाचा नाही, तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं.

२००९ साली आशियात झालेल्या आयपास चाचणीने हे पक्कं केलं. म्युटेशन असलेल्यांत गोळी केमोपेक्षा सरस, नसलेल्यांत केमो सरस. तिथून 'आधी तपासणी, म्युटेशन असेल तर नुसती गोळी' ही पद्धत रुळली. पण गोळीचा परिणाम टिकत नाही. बहुतेकांचा आजार वर्षभराच्या आसपास पुन्हा डोकं वर काढतो. तरीही केमो जोडून बघण्याबद्दल इन्टॅक्टचा निकाल डोक्यात बसलेला. त्याला एक स्पष्टीकरणही मिळालं होतं: गोळी पेशींचं विभाजन थांबवते आणि केमो मारते विभाजन होणाऱ्या पेशींना, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालणार. ऐकायला पटतं, हीच पंचाईत.

माझ्या मते इन्टॅक्ट चुकलं नव्हतं. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबरच दिलं. आपण ते न विचारलेल्या प्रश्नालाही लावून मोकळे झालो.

तो न विचारलेला प्रश्न परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी घेतला. २०१६ ते २०१८ या काळात फक्त म्युटेशन असलेले ३५० पेशंट. निम्म्यांना नुसतं गेफिटिनिब, निम्म्यांना सोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन. कॅन्सर मेंदूत पसरलेले, तब्येत खालावलेले पेशंटही त्यात होते, म्हणजे ओपीडीत खरोखर दिसतात तसे. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ नुसत्या गोळीने ८ महिने, दोन्हींनी १६. जगण्याचा काळही वाढला. किंमतही होती: गंभीर दुष्परिणाम २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. शोधनिबंध २०२० मध्ये आला. त्याच वर्षी जपानच्या अशाच चाचणीतही आजार थोपवण्याचा काळ वाढलेला दिसला.

एक आक्षेप रास्त आहे. तोपर्यंत ऑसिमर्टिनिब ही नवी, जास्त प्रभावी गोळी आली होती, मग जुनी का? कारण गेफिटिनिबच्या स्वस्त जेनेरिक गोळ्या इथे मिळतात, आणि नवी गोळी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. पुढे २०२३ मध्ये फ्लॉरा-२ चाचणीने नव्या गोळीसोबत केमो देऊन पाहिली: १६.७ महिन्यांचे २५.५ झाले.

तुम्ही इन्टॅक्टचा निबंध उघडाल तेव्हा निष्कर्षाआधी पेशंट कसे निवडले तो भाग वाचा. मी पहिल्यांदा वाचताना तोच गाळला होता.

काकूंना यातलं निम्मंच सांगितलं. दुष्परिणामांचं मात्र लपवलं नाही, आणि तुमच्या तब्येतीला काय झेपेल ते डॉक्टरांनाच विचारा म्हटलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारख्यांवर करून बघितलंय ना?"

हो, म्हटलं. इथेच, परळला.