नाताळची भेट आणि न्यूयॉर्कच्या बचतवाल्या मुली

घरात लग्नपत्रिका आली की आपल्याला आधी आहेराची आठवण होते. जिवाभावाच्या घरचं लग्न असलं तर आपण हौसेनं साडी निवडतो. पण ‘त्यांनी केला होता, म्हणून आपल्यालाही करावा लागेल’ असा आहेर असला की गटाचा हप्ता डोळ्यांपुढं येतो. अशीच ओढाताण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरातल्या नोकरदार मुलींची नाताळात व्हायची. त्यांनी त्यावर काय केलं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

या मुली मोठमोठ्या दुकानांत विक्रीचं काम करत. नाताळ जवळ आला की गिऱ्हाइकांची झुंबड उडे आणि रात्री उशिरापर्यंत उभं राहावं लागे. दुसऱ्यांच्या भेटी बांधून देता देता हात दुखायचे. त्यातच वरच्या साहेबांना भेट द्यायची म्हणून वर्गणी गोळा व्हायची. पगार तुटपुंजा, पण नाही म्हटलं तर साहेबांची मर्जी जाईल ही धास्ती.

यातल्या बऱ्याच जणी एका बचत निधीत पैसे टाकत. वर्षातून एकदा सुट्टी घेऊन चार दिवस विसावा मिळावा, एवढीच त्यांची आस. पण नाताळ आला की त्या पैशाला गळती लागे. निधीचं काम बघणाऱ्या बायांच्या हे लक्षात आलं. त्यांत बँकमालकाची लेक ॲन मॉर्गन आणि लग्नाआधी नाटकांत गाजलेल्या एलिनॉर बेलमाँट होत्या. त्यांच्या पुढाकारानं १९१२ साली नाताळच्या तोंडावर ‘निरुपयोगी भेटी रोखणारं मंडळ’ निघालं. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून लोक त्याला ‘स्पग’ म्हणू लागले.

नाताळचा आनंद बंद करावा, असं मंडळाचं म्हणणं नव्हतं. भेट मनापासून द्या, धाकानं किंवा परतफेड म्हणून नको, एवढंच सांगणं होतं. साहेबाच्या वर्गणीतून वाचलेल्या पैशात आईसाठी काही घेता आलं, तर ती खरी भेट. त्याच डिसेंबरात माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही सभासद झाले.

मंडळाच्या पुढारी बाया श्रीमंत घरच्या होत्या. मुलींचे पगार वाढवणं काही मंडळाच्या हातात नव्हतं. पुढं १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटलं, आणि त्या धामधुमीत मंडळही मागं पडलं. तरी एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. एकटीनं वर्गणी नाकारली तर ती चिक्कू ठरते. सगळ्यांनी मिळून ठरवलं तर कुणा एकीकडं बोट दाखवता येत नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं आहेरावर बोला. कुठला आहेर आपण हौसेनं करतो, आणि कुठल्यासाठी कर्ज काढतो? उत्तरं आम्हाला जरूर कळवा.