जठरव्रणाची संयुक्त चिकित्सा : ‘बरा झाला’ या शब्दप्रयोगाचा इतिहास

रोगी ‘बरा झाला’ असे वैद्य म्हणतो तेव्हा त्यास नेमके काय अभिप्रेत असते, हा प्रश्न वरकरणी शब्दार्थापुरता वाटतो. परंतु जठर व लहान आतड्याचा आरंभीचा भाग यांच्या व्रणांच्या चिकित्सेचा विसाव्या शतकातील इतिहास पाहिला, तर या दोन शब्दांचा अर्थ दोनदा पालटला असून प्रत्येक पालटाबरोबर औषधयोजनाही पालटली आहे, असे दिसून येते.

पहिला अर्थ वेदनेपुरता होता. ‘माधवनिदाना’त वर्णिलेला परिणामशूल म्हणजे अन्न पचत असताना उठणारा शूल. येथे रोगाची ओळख वेदनेच्या वेळेवरून झालेली आहे. साहजिकच वेदना शमली की रोग शमला, ही समजूत दीर्घकाळ टिकली. १९१० मध्ये कार्ल श्वार्ट्स या शल्यविशारदाने ‘अम्लावाचून व्रण नाही’ हा सिद्धान्त मांडला आणि दूध, क्षार, पथ्य व शेवटी शस्त्रक्रिया हाच क्रम रूढ झाला.

१९७६ मध्ये सिमेटिडीन हे अम्लस्राव रोखणारे औषध ब्रिटनमध्ये प्रचारात आले. दुर्बिणीने जठराचे अंतरंग पाहण्याची सोयही तोवर झाली होती. आता ‘बरा झाला’ म्हणजे व्रण भरून आला, असा दुसरा अर्थ रूढ झाला. तथापि औषध थांबविताच बहुसंख्य रोग्यांत व्रण पुन्हा उद्भवत असे. भरलेला व्रण आणि गेलेला रोग या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही शंका येण्यास येथे पुरेसा आधार होता.

ही शंका एका व्यक्तीने पूर्वीच कृतीत आणली होती. ग्रीसमधील मेसोलोंगी येथील वैद्य यानिस लिकुदिस हे १९५८ पासून व्रणाच्या रोग्यांना प्रतिजैविके देत होते. त्यांचे म्हणणे विद्वत्सभांनी स्वीकारले नाही. उलट १९६८ मध्ये त्यांना दंड झाला. १९८० मध्ये त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्या मताची सिद्धता ऑस्ट्रेलियात नुकती कोठे आरंभास येत होती. पर्थ येथील रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या सुजलेल्या अस्तरावर वक्र जंतू दिसले. १९८१ पासून बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत संवर्धनाच्या तबकड्या नेहमीच्या दोन दिवसांऐवजी पाच दिवस उबवणपेटीत राहिल्या आणि जंतू प्रथमच वाढले. १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचे द्रावण स्वतः प्राशन केले व त्यांना जठरदाह झाला. या प्रयोगाने जठरदाहाचे कारण दाखविले, व्रणाचे नव्हे. व्रणासंबंधीचा पुरावा चिकित्सेतूनच यावयाचा होता.

तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्शल व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर रोग्यांवर केलेल्या प्रयोगात केवळ बिस्मथ घेणाऱ्यांपैकी २७ टक्के, तर बिस्मथ व टिनिडाझोल एकत्र घेणाऱ्यांपैकी ७० टक्के रोग्यांत जंतूंचा नायनाट झाला. ज्यांच्यात जंतू टिकून राहिले, त्यांच्यातील भरलेल्या व्रणांपैकी ८४ टक्के व्रण वर्षभरात परतले. जंतू गेलेल्यांत हे प्रमाण २१ टक्केच होते. एकेरी औषध अपुरे का पडते, याचा उलगडाही हळूहळू झाला. जंतू श्लेष्माच्या थराखाली राहतो, तेथे औषध कष्टाने पोहोचते, अम्लामुळे काही प्रतिजैविकांचे बळ घटते, आणि उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून बिस्मथ व दोन प्रतिजैविके यांची, आणि पुढे अम्लरोधक व दोन प्रतिजैविके यांची त्रिविध योजना पुढे आली. १९८९ मध्ये जंतूला ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हे नाव मिळाले. १९९४ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञसभेने जंतुबाधा असलेल्या व्रणरोग्यांना प्रतिजैविके द्यावीत असा निर्णय दिला, आणि २००५ मध्ये वॉरन व मार्शल यांना नोबेल पारितोषिक लाभले.

याच काळात जंतू ‘दिसेनासे होणे’ आणि जंतूंचे ‘निर्मूलन’ असा भेद करणे अभ्यासकांना भाग पडले. औषध चालू असता जंतू दबून राहतात, म्हणून तेव्हाची तपासणी फसवी ठरते. प्रतिजैविके संपून किमान चार आठवडे लोटल्यावर, आणि अम्लरोधक दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाच्या वा मलाच्या परीक्षेत जंतू न आढळले, तरच निर्मूलन झाले असे म्हणावयाचे. ‘बरा झाला’ याचा हा तिसरा अर्थ होय.

आजचे औषधांचे नियम या इतिहासाचेच फलित आहेत. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू वाढल्यामुळे १९९० नंतरची सात दिवसांची योजना मागे पडून चौदा दिवसांच्या बिस्मथयुक्त चतुर्विध योजनेस अनेक ठिकाणी अग्रक्रम मिळाला. वेदना थांबली म्हणून मध्येच औषध सोडणे म्हणजे पहिल्या अर्थाकडे परत जाणे होय. फ्रान्समध्ये १९७० नंतरच्या दशकात बिस्मथच्या दीर्घ सेवनाने मेंदूचे विकार उद्भवले होते; म्हणून ते ठरलेल्या मुदतीपलीकडे घ्यावयाचे नसते. त्याने मल काळा होतो, तो निरुपद्रवी असतो. मात्र डांबरासारखा चिकट मल वा रक्ताची उलटी झाल्यास तत्काळ वैद्य गाठावा. टेट्रासायक्लीन दुधाबरोबर घेऊ नये, गर्भिणीस व लहान मुलांस देऊ नये. मेट्रोनिडाझोल चालू असता मद्य वर्ज्य मानतात. पेनिसिलिन न सोसणाऱ्याने ॲमॉक्सिसिलिनपूर्वी, आणि रक्त पातळ करणारी वा कोलेस्टेरॉलवरील औषधे घेणाऱ्याने क्लॅरिथ्रोमायसिनपूर्वी, तसे वैद्यास सांगणे अगत्याचे आहे. तोंडाची कडू चव वा सौम्य जुलाब यांमुळे औषध परस्पर सोडू नये. अंगावर पुरळ उठल्यास किंवा श्वास कोंडल्यास मात्र ते थांबवून त्वरित उपचार घ्यावेत.

मेसोलोंगीच्या वैद्यापाशी अनुभव होता. परंतु वेदना, व्रण आणि जंतू यांचे जाणे वेगवेगळे मोजून दाखविण्याचे साधन नव्हते. पुढील पिढीला ते साधन मिळाले. शेवटची तपासणी न करताच स्वतःला बरा समजणारा रोगी मात्र त्याचा लाभ आपण होऊन गमावतो.