मरणोत्तर माफी की निर्दोषत्वाची घोषणा? : मुंबईतील १८५७ च्या देहदंडाचा पुनर्विचार

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकात अन्याय्य देहदंड भोगलेल्यांना मरणोत्तर माफी द्यावी, हा विचार अलीकडे अनेक देशांत मांडला गेला आहे. प्रस्तुत लेखात मुंबईतील एका घटनेच्या आधारे त्याची चिकित्सा केली आहे.

घटना :
१५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडवर, म्हणजेच आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, मरीन बटालियनचे हवालदार सय्यद हुसेन व दहाव्या पलटणीचे शिपाई मंगल गडिया यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. दिवाळीत उठाव करण्याचा कट केला, हा त्यांच्यावरील आरोप होता. गिरगावलगतच्या सोनापूर भागात गंगाप्रसाद याच्या घरी शिपायांच्या बैठका होत. पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट याने गंगाप्रसादला धाक दाखवून फोडले व भिंतीआडून बैठकांवर पाळत ठेवली. मरीन बटालियनचा प्रमुख मेजर बॅरो यासही त्याने तेथे नेले. शिक्षा लष्करी न्यायालयाने दिली. मुंबईत प्रत्यक्ष उठाव झालाच नाही.

विवेचन :
या कटाचा बहुपरिचित वृत्तान्त स्वतः फोर्जेटने लिहिलेला आहे. तपास करणारा, साक्षीदार व इतिहास सांगणारा येथे एकच ठरतो. त्या वृत्तान्तात शिपायांची बाजू येत नाही.

अशा प्रकरणी माफी पुरेशी आहे काय? १८८२ मध्ये गॉलवे येथे फाशी गेलेल्या मोल्रा शोयगा यांना आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी २०१८ मध्ये माफी दिली. ते केवळ आयरिश भाषा जाणत होते. खटला मात्र इंग्रजीत चालला. त्याच वर्षी कॅनडाच्या पंतप्रधानांनी १८६४-६५ मध्ये फाशी दिलेल्या सहा त्सिल्कोटिन प्रमुखांना निर्दोष घोषित केले. दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. माफीत अपराध गृहीत धरून शिक्षेपासून मुक्तता दिली जाते, तर निर्दोषत्वाच्या घोषणेत अपराधच अमान्य केला जातो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ७२ नुसार लष्करी न्यायालयाच्या शिक्षेबाबत राष्ट्रपतींना क्षमादानाचा अधिकार आहे. परंतु तोही अपराधसिद्धी झालेल्या व्यक्तीसंबंधीचा आहे.

हुसेन व गडिया यांचा कट खरा असेल, तर स्वतंत्र भारताने त्याबद्दल त्यांना क्षमा करणे विसंगत ठरते. तो खोटा असेल, तर निरपराध्यास क्षमा करणे हा दुसरा अन्याय होय.

निष्कर्ष :
आझाद मैदानाजवळील अमर जवान स्मारक या दोघांच्या स्मृतीस वाहिलेले आहे. ताडदेवच्या रस्त्यास फोर्जेटचे नाव लाभले. शहराने दोन्ही बाजूंची नावे जपली, पण निकालाची फेरतपासणी मात्र राहून गेली. म्हणून माफीच्या मागणीपूर्वी खटल्याच्या कागदपत्रांचे चिकित्सक संपादन होणे आवश्यक आहे. ते कार्य राज्यकर्त्यांपेक्षा इतिहासाच्या अभ्यासकांचे आहे.