लहान फटफटीची बखर

राजापूरला परदेशी वस्तूंचे अप्रूप कधीच फारसे नव्हते. १६४९ साली इंग्रजांनी येथे वखार घातली, तेव्हापासून सातासमुद्रापलीकडचा माल अर्जुनेच्या काठी उतरू लागला. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीस तोफ घेऊन गेले आणि त्याचे प्रायश्चित्त त्यांना १६६१ मध्ये राजापुरातच मिळाले, हे शाळेतली पोरेही जाणतात. पुढे खाडी गाळाने भरली, गलबते थांबली, आणि परदेशी माल घाटवाटेने व मुंबई-गोवा रस्त्याने येऊ लागला. या दुसऱ्या वाटेने आलेल्या एका पाहुण्याची बखर मला येथे सांगायची आहे. तो पाहुणा म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन. त्यातही त्याचे जे धाकटे अपत्य आपल्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही, त्याच्यावर माझा डोळा आहे. ते म्हणजे मुलांनी शर्यतीत चालवायची छोटी मोटोक्रॉस फटफटी.

इंजिनाची गोष्ट इंग्लंडात सुरू होते. मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे साध्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत होतात. ती एकाच फेरीत उरकण्याचे पेटंट ड्यूगाल्ड क्लार्कने १८८१ मध्ये घेतले. परंतु त्यासाठी त्याला वेगळा पंप जोडावा लागे. बाथच्या जोसेफ डे याने १८९१ मध्ये क्रँकच्या पेटीलाच पंपाचे काम दिले. झडपा गेल्या, पिस्टनच वर-खाली होताना दारे उघडू-मिटू लागला. तेल पेट्रोलातच मिसळायचे, म्हणजे तेलाची वेगळी व्यवस्थाही नको. यंत्र इतके हलके आणि सोपे झाले की, गरिबाने ते परवडते म्हणून घ्यावे आणि हौशी माणसाने ते पळते म्हणून घ्यावे. धूर मात्र दोघांनीही सोसायचा!

या यंत्राला खरे बाळसे धरले जर्मनीतील चोपाऊ या लहानशा गावी. तेथील डी.के.डब्ल्यू. कारखान्याची आरटी १२५ ही फटफटी दुसऱ्या महायुद्धापूर्वी तयार झाली. जर्मनी हरली आणि जेत्यांनी तिचे आराखडे आपापल्या घरी नेले. इंग्लंडात बँटम, अमेरिकेत हार्ले, मॉस्कोत आणखी एक. जपानच्या यामाहाने १९५५ मध्ये आपली पहिली फटफटी केली, तीही याच साच्याची. पुढे त्याच चोपाऊत वाल्टर काडेन नावाच्या इंजिनियराने धुराच्या नळीला मधोमध फुगवटा दिला. नळीतून गेलेली दाबाची लाट त्या फुगवट्याच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत लोटते. १९६१ साली काडेनचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर पूर्व जर्मनीतून निसटला, सुझुकीकडे गेला, आणि १९६२ मध्ये सुझुकीवर बसून ५० सीसीचा जगज्जेता झाला. लोखंडी पडद्यापलीकडची विद्या अशी जपानला पोचली. आज मुलांच्या छोट्या फटफटीच्या पोटाशी जी फुगीर नळी दिसते, ती या काडेनच्या नळीचीच वंशज होय.

दुसरा धागा शर्यतीचा. १९२४ मध्ये इंग्लंडातील कॅम्बर्ली येथे माळावरून, चिखलातून फटफट्या पिटाळण्याची एक स्पर्धा झाली. तीच मोटोक्रॉसची आजी. १९५७ पासून तिचे जागतिक अजिंक्यपद सुरू झाले. १९७० मध्ये बेल्जियमच्या जोएल रोबेरने हलक्या टू-स्ट्रोक सुझुकीवर २५० सीसीचे अजिंक्यपद जिंकले, आणि जपानी कारखान्यांचा पाय या मैदानात पक्का रोवला गेला. नंतर कोणाच्या तरी ध्यानात आले की, विजेता घडवायचा तर तो लहानपणीच हाती लागला पाहिजे. १९७४ साली यामाहाने वायझेड ८० आणली, आणि हळूहळू ५०, ६५ आणि ८५ सीसी अशी पायऱ्यांची शिडी तयार झाली. पहिल्या पायरीवरच्या गाडीचे वजन चाळीस किलोंच्या आसपास असते. तिला गिअर नसतो. क्लच वेगाबरोबर आपोआप लागतो. मुलाने फक्त तोल आणि धाडस सांभाळायचे. ६५ सीसीवर गिअर आणि क्लच हाती येतात. ८५ सीसीला तर उंचीनुसार लहान आणि मोठी अशा दोन मापांची चाके मिळतात.

या तिन्ही गाड्यांना दिवा नसतो, भोंगा नसतो आणि पाटीही नसते. रस्त्यावर त्यांना जागाच नाही. मला या बखरीतील सर्वांत महत्त्वाची ओळ हीच वाटते.

आता आपल्याकडे वळू. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनियरिंगने ५० सीसीची लूना काढली. राजदूत होतीच. १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० आली आणि तिच्या आवाजाने एका पिढीची झोप उडवली. इंजिनाची जात तीच. पण कोकणात तिने बैलाचे काम केले. लूनावर माशांच्या टोपल्या आल्या, आंब्याच्या पेट्या आल्या, आणि टाकीपुढे हँडल धरून उभे राहिलेले लहान पोरही आले. ते पोर तेथूनच गाडी शिकले. आमच्याकडे मूल यंत्राच्या मापाचे होईपर्यंत थांबत नाही, आणि यंत्रही कोणी मुलाच्या मापाचे करीत नाही.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. गिअर नसलेल्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीला सोळा आणि त्यावरच्या गाडीला अठरा वर्षांची अट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या अपराधाबद्दल पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड ठेवला. तरी आठवी-नववीतला मुलगा वडिलांची मोठी गाडी घेऊन हमरस्त्याच्या वळणावर ट्रकच्या बगलेतून जाताना मी पाहतो. त्याचे धाडस खोटे नाही. त्याची जागा खोटी आहे. स्पेनचा होर्गे प्रादो २०११ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, ६५ सीसीचा जगज्जेता झाला आणि २०२३ व २०२४ मध्ये सर्वांत वरच्या वर्गाचा. धाडस त्याचेही पोराचेच होते. परंतु त्याला आखलेले मैदान, छातीवर कवच, डोक्यावर शिरस्त्राण आणि झेंडा घेऊन उभा असलेला पंच लाभला. हाडे तेथेही मोडतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण समोरून ट्रक येत नाही.

वारे आपल्याकडेही फिरते आहे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात माती टाकून सुपरक्रॉसच्या नव्या लीगची पहिली फेरी झाली, आणि तीत ८५ सीसीचा वर्ग मुलांसाठी होता. मुलांच्या गाड्या करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये बजाज २००७ पासून भागीदार होती. २०२५ मध्ये त्या कंपनीची सूत्रेच तिच्या हाती आली. मोठ्या केटीएम चाकणला तयार होतात, मग धाकटी तेथे का होऊ नये? आज ती आयात करावी लागते, म्हणून श्रीमंताच्याच मुलाला मिळते. दरम्यान ५० सीसीच्या वर्गात विजेवरच्या गाड्याही आल्या आहेत. तेव्हा उशीर केला तर टू-स्ट्रोकचा धूर आपण रस्त्यावरच खाल्ला, मैदानावर त्याचा उपयोग करून घेतलाच नाही, असे व्हायचे.

जागेचा प्रश्न निघाला की कोणीही सड्याकडे बोट दाखवील. सडा मोकळा दिसतो, पण मोकळा नाही. बारसू, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. त्या रेघांवर चाक जाता कामा नये. परंतु चिरे काढून सोडून दिलेल्या जांभ्याच्या खाणी तालुक्यात हव्या तितक्या आहेत. तीन बाजूंना आयतीच भिंत आहे. तळाशी मातीचा थर टाकावा लागेल, पावसाळ्याचे चार महिने पाणी साठेल, उरलेले आठ महिने आपले. एखाद्या ग्रामपंचायतीने अशी एक खाण मुलांसाठी मागून घ्यावी. गाड्या मागाहून येतील. राजापूरला माल नेहमी बंदर झाल्यावरच आलेला आहे.