अधांतरी माशाचं उभं जाळं

देहूरोडच्या उत्तरेला इंद्रायणी आहे आणि दक्षिणेला पवना. देहूच्या डोहातला मासा धरायचा नाही, असा तिथला जुना रिवाज आहे. लोक घाटावर उभे राहून त्याला चुरमुरे टाकतात. पवनेच्या माशाला असं संरक्षण कधी मिळालं नाही. उलट मावळात वर पवना धरण झालं, आणि नदीतला मासा कसा धरायचा याचं पिढीजात ज्ञान तिथे अपुरं पडू लागलं.

अपुरं पडलं ते मुख्यतः उन्हाळ्यात. नदीकाठच्या भोयांसाठी उन्हाळा हा सोयीचा हंगाम. धार आटते, मासा डोहात गोळा होतो, आणि पाग नीट फेकला की काम भागतं. धरणात हेच गणित उलटतं. काठचं पाणी तापतं, वारंवार खाली-वर होतं, आणि मोठा मासा मध्यावर निघून जातो. खाली पंधरा-वीस मीटर पाणी आणि मासा त्याच्या वरच्या काही मीटरांत, तळाचा ना काठाचा. फेकलेला पाग तिथे बुडत जाईपर्यंत मासा निसटलेला असतो. ओढायचं मोठं जाळं चालत नाही, कारण तळाशी बुडालेली शेतं, बांध, झाडांचे बुंधे आणि कातळ असतात. जाळं अडकलं की फाटलंच.

मासा असा अधांतरी का राहतो, याचं उत्तर पाण्याच्या वजनात आहे. ऊन वरच्या थराला तापवतं आणि तापलेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं. गरम प्रदेशात हा फरक फार लवकर पडतो. २९ अंशांचं पाणी ३० अंशांवर गेलं की ते जेवढं हलकं होतं, ते ४ वरून ५ अंशांवर जाताना हलकं होण्याच्या पस्तीसपटींहून जास्त असतं. म्हणजे थोड्याशा तापण्यानेही थर धरतात. खालच्या थरात बुडालेला पालापाचोळा कुजतो, तिथला प्राणवायू संपतो. वर ऊन, खाली गुदमर, म्हणून मासा मधला पट्टा धरतो. दख्खनच्या धरणांत वारा आणि तळाच्या मोऱ्यांतून सोडलेलं पाणी हे थर अधूनमधून मोडतात, त्यामुळे पट्टा आज एका खोलीवर तर चार दिवसांनी दुसरीकडे. अनुभवी माणूस जाळ्याची खोली बदलत राहतो, ती यासाठी.

अमेरिकेतल्या तळ्यांत बास नावाचा शिकारी मासा उन्हाळ्यात असाच मधल्या पाण्यात लटकतो. तिथल्या हौशी गळवाल्यांनी त्यावर यंत्राचा उपाय काढला. कार्ल लोरन्स यांनी १९५७ मध्ये छोट्या होडीत ठेवता येईल असा ध्वनिलहरींचा डबा बाजारात आणला. मासा नेमका किती फुटांवर आहे ते डबा दाखवणार आणि गळ तेवढाच सोडायचा. महाराष्ट्रातल्या धरणावर पोट भरणाऱ्याला असा एकेक मासा शोधणं परवडणारं नव्हतं. त्याला हवं होतं ते रात्रभर पाण्यात उभं राहून माशाची वाट पाहणारं साधन.

असं जाळं माणसाला फार पूर्वी सुचलं होतं. १९१३ मध्ये कारेलियातल्या अँट्रिया इथे, तेव्हाच्या फिनलंडमध्ये, विलोच्या सालीच्या दोऱ्याचं एक जाळं जमिनीखाली सापडलं. वय सुमारे दहा हजार वर्षं. त्याच्यासोबत झाडाच्या सालीचे तरंगते तुकडे आणि दगडाची वजनं होती. वर तरंगणारं, खाली ओढणारं आणि मध्ये दोऱ्याचं कापड, ही रचना तेव्हाच पक्की होती. जाळं विणायचं यंत्र मात्र अगदी अलीकडचं. स्कॉटलंडमधल्या मसलबर्गच्या जेम्स पॅटरसन यांनी ते १८२० मध्ये उभं केलं. पुढे १९१४ मध्ये एफ. आय. बारानोव या रशियन शास्त्रज्ञाने अशा जाळ्याचं गणित मांडलं. डोकं आत जाईल पण धड जाणार नाही अशा आकाराच्या माशाला जाळं धरतं. लहान मासा पार होतो, फार मोठा आत शिरतच नाही. मागे सरकणाऱ्याचे कल्ले दोऱ्यात अडकतात.

गणित सुटलं तरी दोरा सुटला नव्हता. सुती दोरा पाण्यात कुजतो. म्हणून सकाळी जाळं काढायचं, वाळवायचं, झाडांच्या साली उकळून काढलेल्या रसात बुडवायचं, पुन्हा वाळवायचं. घरातल्या बायकामुलांचा निम्मा दिवस त्यातच जायचा. शिवाय सुती दोरा जाड. तो माशाला दिसतो, आणि मोकळ्या स्वच्छ पाण्यात दिसणारं जाळं म्हणजे भिंतच. मासा वळसा घालून जातो.

वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत फेब्रुवारी १९३५ मध्ये नायलॉन तयार झालं. त्याचा पहिला बाजारी उपयोग १९३८ मध्ये दात घासायच्या ब्रशात झाला, जाळ्यात पुढे. ते कुजत नाही, ताणलं तर थोडं वाढतं, आणि धागा इतका बारीक काढता येतो की पाण्यात नजर चुकवतो. त्याचे आकडे दुकानात अजून ऐकू येतात: दोनशेदहा-एक-दोन, दोनशेदहा-एक-तीन. २१० म्हणजे डेनियर, अर्थात ९ किलोमीटर लांबीचा एक पदर २१० ग्रॅम भरतो. शेवटचा आकडा किती पदर पिळले ते सांगतो. आणि एकेरी, काचेसारख्या धाग्याला महाराष्ट्रात तंगूस म्हणतात.

भारतात या दोऱ्याचं शास्त्र जमवायचं काम कोचीनच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने केलं. लोरन्स यांच्या डब्यासारखी तीही १९५७ चीच. कोणत्या माशाला किती मोठी आस (जाळ्याचं एक घर), दोरीवर जाळं किती सैल बांधायचं, हे प्रश्न तिथे तपासले गेले. सैलपणाचा नेहमीचा हिशेब निम्म्याचा. १०० मीटर ताणलेली जाळी ५० मीटर दोरीवर बांधायची, म्हणजे उभी उंची ताणलेल्या मापाच्या सुमारे ८७ टक्के मिळते आणि आस उघडी राहते. जास्त ताणून बांधलं तर मासा आपटून परततो.

त्याच १९५७ मध्ये १० जुलैला ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाला पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली. त्याआधी कटला, रोहू, मृगळ यांचं बीज नदीतून गाळून आणावं लागे आणि त्यात नको ते मासेही येत. इंजेक्शनाने ते हवं तेव्हा मिळू लागलं आणि धरणांत सोडता येऊ लागलं. कटला धरणासाठी जणू घडवलेला मासा आहे. तोंड वर वळलेलं, खाणं वरच्या पाण्यातले सूक्ष्म प्राणी, मुक्काम मोकळ्या पाण्यात. अंगाने मात्र उंच, त्यामुळे त्याला मोठी आस लागते. नदीच्या माशांसाठी विणलेल्या जाळ्यात त्याचं डोकंही शिरत नाही. महाराष्ट्रातल्या धरणांवर मोठ्या घराची जाळी पसरली ती बऱ्याच अंशी या पाहुण्यामुळे, असं म्हणायला हरकत नाही.

दोरा मिळायची सोय देहूरोडहून लोकलने दुसऱ्या स्टेशनावर झाली. चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीत गरवारे-वॉल रोप्स ही कंपनी १९७६ मध्ये सुरू झाली. अमेरिकेच्या वॉल इंडस्ट्रीजच्या सहकार्याने दोरखंड आणि पुढे मासेमारीची जाळी तिथे बनू लागली. नंतर वाईला दुसरा कारखाना उभा राहिला. मोटारींच्या सुट्या भागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात जाळ्याचा कारखाना आहे, हे पिंपरीतल्याच अनेकांना ऐकून नवल वाटतं.

धरणावरचा वापर मात्र कारखान्यातल्या मापांवर चालत नाही. जाळ्याच्या घराचं माप बोटांनी घेतात: तीन बोटी, चार बोटी. वर तरंगायला थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या, खाली शिसं किंवा गोटे. हवा भरलेल्या ट्यूबवर बसून संध्याकाळी जाळं सोडायचं, पहाटे काढायचं. उन्हाळ्यात मासा खाली गेला की तरंगत्या खुणा आणि जाळं यांमधली दोरी वावभर, दोन वाव वाढवायची. अख्खं जाळं तेवढं खाली लटकतं. यंत्राशिवाय खोली बदलण्याची एवढी स्वस्त युक्ती दुसरी नसावी.

नायलॉनचा गुण हाच त्याचा दोषही ठरला. सुटून बुडालेलं तंगूस कुजत नाही, मासे धरतच राहतं. तीन बोटांपेक्षा लहान घराची जाळी स्वस्तात मिळू लागल्यावर धरणात सोडलेलं बीज मोठं होण्याआधीच बाहेर येतं. सहकारी संस्था नियम करतात, पण रात्रीच्या पाण्यात कोण बोटं मोजत बसणार?

चिंचवडच्या कंपनीने २०१८ मध्ये गरवारे टेक्निकल फायबर्स असं नाव घेतलं. आता तिची जाळी नॉर्वे, स्कॉटलंड, चिली इथल्या सामन माशांच्या पिंजऱ्यांना लागतात. तिथेही ती मोकळ्या पाण्यात उभीच लटकतात. फरक एवढाच की मासा आत असतो आणि तो बाहेर जाऊ नये, बाहेरचा सील आत येऊ नये, यासाठी दोरा घट्ट लागतो. महाराष्ट्रातल्या काही जलाशयांतही आता पिंजरे तरंगू लागले आहेत. त्यांत तिलापिया आणि पंगस वाढवतात, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की पिंजरे खोल भागाकडे ओढून न्यावे लागतात.