गेंड्याची कातडी पांघरून

मराठीत 'गेंड्याची कातडी' हा शब्दप्रयोग शिवीच्या बराच जवळ जाणारा आहे. लाजलज्जा सोडलेल्या, टीका अंगाला लावून न घेणाऱ्या माणसासाठी आपण तो राखून ठेवला आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मात्र इंग्लंडमधील काही माणसांनी ही कातडी खरोखरच अंगावर चढवली. गेंड्यांसाठी पैसे मागायचे, तर थोडे हसे करून घेण्याची त्यांची तयारी होती.

लंडन मॅरेथॉन 1981 साली सुरू झाली आणि पुढे धर्मादाय निधी उभारण्याचे एक मोठे साधन बनली. रीत साधी असते. धावणारा आपल्या परिचितांना सांगतो, 'मी हे अंतर पार करीन, तुम्ही अमुक संस्थेला पैसे द्या.' आपल्याकडच्या नवसाशी याचे वरवर साम्य आहे. पण नवस बोलणारा बहुधा स्वतःसाठी किंवा आपल्या माणसांसाठी काही मागत असतो. इथे देह झिजवणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि लाभार्थी तिसराच. तोही हजारो मैलांवरचा, ज्याला या व्यवहाराचा पत्ताही नाही!

बाहुलीनाट्याचे कलावंत विल्यम टॉड-जोन्स यांनी गेंड्याचे सोंग घेऊन ही शर्यत पुरी केली. सोंगाचे वजन सुमारे दहा किलो, अंतर 42 किलोमीटरांहून थोडे अधिक. 'सेव्ह द राइनो इंटरनॅशनल' या संस्थेची ओळखच पुढे या सोंगाने झाली.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या हकीकतीत रस वाटावा तो डग्लस अ‍ॅडम्समुळे. 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी'चा हा विनोदी लेखक प्राणिशास्त्रज्ञ मार्क कारवर्डाइन यांच्याबरोबर नामशेष होऊ घातलेले प्राणी पाहत जगभर हिंडला आणि 1990 साली दोघांचे 'लास्ट चान्स टू सी' हे पुस्तक आले. एवढ्यावर लेखकाचे काम संपले असे म्हणता आले असते. अ‍ॅडम्स तिथे थांबला नाही. 1994 साली किलिमांजारोच्या मोहिमेत तो सामील झाला आणि पर्वताकडे जाणाऱ्या वाटेवर त्याने ते सोंग अंगावर घेतले. (चढाईत ते टॉड-जोन्स यांच्या अंगावर होते, लोककथेत मात्र अ‍ॅडम्सलाच शिखरापर्यंत नेले जाते.) मोहिमेतून सुमारे एक लाख पौंड जमले. त्यांचा विनियोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो: टांझानियातील काळ्या गेंड्यांच्या संवर्धनाबरोबरच केनियातील शाळांनाही त्यातून मदत झाली. गेंड्याच्या शेजारी माणसे राहतात आणि त्यांची मुले शिकायची असतात, याचे भान परदेशी प्राणिप्रेमात नेहमीच दिसते असे नाही.

त्या वेळची निकड आकड्यांवरून कळते. 1970 च्या सुमारास आफ्रिकेत काळे गेंडे अंदाजे 65 हजार होते. 1990 च्या दशकाच्या मध्यास ते अडीच हजारांच्याही खाली आले. येमेनमध्ये खंजिराच्या मुठीसाठी आणि पूर्व आशियात पारंपरिक औषधांसाठी शिंगाला मागणी होती. 1977 साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, तरी चोरटी शिकार थांबली नाही. आज ही संख्या सहा हजारांच्या वर गेली आहे. याचे श्रेय धावपटूंना देणे भाबडेपणाचे ठरेल. रात्रंदिवस पहारा देणारे वनरक्षक, गेंडे उचलून सुरक्षित रानांत नेऊन सोडण्याचे कष्टाचे काम आणि त्या त्या देशांची सरकारे यांचा वाटा फार मोठा आहे. पण पहाऱ्याला पगार लागतो, गाडीला इंधन लागते, आणि त्यातला काही पैसा या घामातून आला.

अ‍ॅडम्स 2001 साली अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. त्याच्या पुस्तकात झाईरमधील गारांबाच्या रानातले उत्तरेकडचे पांढरे गेंडे आहेत. तेव्हा ते जेमतेम वीस-बावीस उरले होते. पुढे यादवी युद्ध आणि सशस्त्र शिकारी यांच्या तडाख्यात तेही संपले. या उपजातीचा अखेरचा नर, सुदान, 2018 साली केनियात मेला. त्याच्यामागे दोन माद्या राहिल्या: एक त्याची मुलगी, दुसरी नात.