दयामरण : अरुणा शानभाग खटला

असाध्य रुग्णाच्या वेदना संपवण्यासाठी त्याला मृत्यू येऊ द्यावा की नाही, या प्रश्नावरील भारतातील कायद्याला दिशा मिळाली ती मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातून. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून लैंगिक अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणा यांचे अन्न थांबवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयात केली. रुग्णालयातील परिचारिकांनी ठाम विरोध केला. पिढ्या बदलल्या तरी त्या अरुणाताईंना भरवत, न्हाऊमाखू घालत, कूस बदलत; इतक्या वर्षांत अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही.

७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. रुग्णाच्या वतीने बोलण्याचा हक्क सांभाळणाऱ्यांचाच, असे ठरवले. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जीवरक्षक उपचार थांबवण्याला, वाट मोकळी केली. प्राणघातक इंजेक्शन देणे गुन्हाच राहिले. १८ मे २०१५ रोजी अरुणा न्यूमोनियाने गेल्या.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे असाध्य अवस्थेत जीवरक्षक उपचार नकोत असे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सुलभ झाली.

समर्थक रुग्णाच्या स्वेच्छेवर भर देतात. वृद्ध, अपंग आणि गरीब यांच्यावर मरण लादले जाईल, ही विरोधकांची भीती. उपचारांचा खर्च अनेकदा घरच्यांनाच सोसावा लागणाऱ्या देशात तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.